मीटिअर ३५० रिव्ह्यू: हायवेवर सोपी, गल्लीत मात्र शिकावी लागते

रॉयल एनफिल्डची मीटिअर ३५० घ्यायची का, असं मला सारखं विचारतात, बिल्डिंगमधली पोरं, ऑफिसमधल्या मैत्रिणी, परवा तर पेट्रोल पंपावर एका काकांनी पण विचारलं, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून टाकते. मी नवी मुंबईत नेरूळला राहते, ऑफिस ऐरोलीला, म्हणजे रोजचा रस्ता पाम बीच नाहीतर ठाणे-बेलापूर रोड, आणि सुट्टीच्या दिवशी कधी जुन्या हायवेने लोणावळा, कधी उरण साईड. आधीच सांगते, गाडी मला मनापासून आवडते आणि घ्या असंच सांगणार आहे. पण ही क्रूझर आहे, म्हणजे ठेंगणी सीट, पाय पुढे आणि आरामात लांब जायला केलेली जड गाडी. स्कूटरची किंवा १५० सीसी बाईकची सवय जशीच्या तशी हिच्यावर चालत नाही. ८० च्या स्पीडला ही गाडी अगदी शहाण्यासारखी चालते, पाडायची असेल तर ती ५ च्या स्पीडला पाडते, आणि हे शोरूममध्ये कोणी सांगत नाही.

आकडे पटकन सांगून टाकते. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये ही आपल्याकडे आली. ३४९ सीसी, एक सिलिंडर, २०.२ बीएचपी, २७ न्यूटन मीटर टॉर्क (म्हणजे ओढायची ताकद), पाच गिअर, पुढे ३०० मिमी आणि मागे २७० मिमीची डिस्क, दोन्ही चाकांना एबीएस, १५ लिटरची टाकी. वजन १९१ किलो आणि सीट जमिनीपासून ७६५ मिमी. हा शेवटचा आकडा माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा, कारण माझी उंची पाच फूट दोन इंच आहे आणि ॲडव्हेंचर टाईपच्या गाड्यांवर माझे पाय हवेत लोंबकळतात. इथे दोन्ही पाय सपाट टेकतात. उंची कमी आहे म्हणून मोठी गाडी नको असं ज्या मुलींना वाटतं त्यांनी एकदा हिच्यावर बसून तरी बघाच.

पण पाय टेकले म्हणजे गाडी पेलली असं नाही. १९१ किलो सरळ उभे असतात तोवर काहीच वाटत नाहीत, गाडी थोडी जास्त कलली की मग ते वजन हातात येतं आणि तिथून ओढून धरणं माझ्या काय, जिमला जाणाऱ्या पोरांच्या पण आवाक्यात नसतं. बहुतेकांची गाडी पडते ती कशी? यू टर्न घेताना, हँडल वळलेलं, स्पीड एकदम कमी, समोरून रिक्षा येते, घाबरून उजव्या हाताचा ब्रेक दाबला जातो आणि गाडी जागेवरच वळलेल्या बाजूला आडवी. हँडल वळलेलं असताना अगदी हळू स्पीडला पुढचा ब्रेक दाबायचा नाही, हा क्रूझरचा पहिला नियम. हळू वळताना हाफ क्लच, म्हणजे क्लच अर्धाच दाबून धरायचा, रेस थोडी एकसारखी ठेवायची आणि स्पीड पायाच्या ब्रेकने आवरायचा. मागचा ब्रेक हलका दाबून ठेवला की गाडी ताठ राहते, डगमगत नाही. आणि नजर जिथे जायचंय तिकडे ठेवायची, पुढच्या चाकाकडे बघितलं की गाडी तिकडेच जाते, फुटपाथकडे बघितलं तर फुटपाथवर.

हे वाचून येत नाही, करावंच लागतं. उलवे आणि खारघरला काही सेक्टर अजून असे आहेत की रविवारी सकाळी सहा-साडेसहाला रुंद रस्ते रिकामे असतात. दोन पाण्याच्या बाटल्या थोड्या अंतरावर ठेवायच्या आणि त्यांच्याभोवती इंग्रजी आठचा आकडा काढत राहायचं, फक्त पहिल्या गिअरमध्ये, पाय फुटरेस्टवर, जमिनीवर घासत नाही. सुरुवातीला बाटल्या लांब ठेवा मग जवळ आणा. हिचा व्हीलबेस, म्हणजे दोन चाकांमधलं अंतर, १४०० मिमी आहे आणि पुढचं चाक १९ इंची, त्यामुळे स्कूटरसारखी ती गपकन वळणार नाही, वळणाला जागा लागते, आणि ती किती लागते हे अंगात भिनलं की मग वाशीच्या मार्केटमधल्या गल्लीतही गाडीचं ओझं वाटत नाही. हेल्मेट आणि ग्लोव्हज सरावाला पण घाला.

पार्किंगचं पण असंच. जुन्या सिडको बिल्डिंगमध्ये राहणाऱ्यांना माहितीये, अर्ध्या ठिकाणी पार्किंगला उतार असतो. उताराच्या तोंडाला नाक करून गाडी भिंतीला लावली तर सकाळी १९१ किलो उलट्या दिशेने चढावर ढकलायचे, ते होत नाही. म्हणून लावतानाच शेपूट आत, तोंड बाहेर, आणि गिअर पहिला टाकून साईड स्टँड. पावसाळ्यात साईड स्टँड मातीत रुततो, पेव्हर ब्लॉक सैल असेल तर तो पण खचतो, मी डिकीत, म्हणजे साईड बॅगेत, एक चपटा लाकडी तुकडा ठेवते तो स्टँडखाली सरकवते. आणि पडलीच कधी तर पाठीने उचलायची नाही. आधी किल स्विचने (हँडलवरच्या बटणाने) इंजिन बंद, उजवीकडे पडली असेल तर साईड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवायचा म्हणजे पलीकडे कोसळणार नाही, मग गाडीकडे पाठ करून सीटला टेकायचं, एक हात हँडलला एक मागच्या ग्रॅबला, आणि मांड्यांच्या जोरावर मागे मागे पावलं टाकत उभी करायची. जमत नसेल तर सरळ कोणाला तरी हाक मारा, आपल्याकडे लोक धावत येतात.

आता ब्रेकिंग. क्रूझरमध्ये चालवणारा मागे बसतो, वजन मागच्या चाकावर बऱ्यापैकी असतं, म्हणून मागचा ब्रेक इथे स्पोर्ट बाईकपेक्षा जास्त कामाचा. पण तेवढ्यावर थांबू नका, जोरात थांबायचं असेल तर वजन पुढे सरकतं आणि खरी ताकद पुढच्या ब्रेकचीच असते, म्हणून सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक एकत्र, पुढचा दाबत दाबत वाढवायचा, झटका नाही. ६० च्या स्पीडला गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर जाते, ८० ला २२, आणि स्पीड दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यापासून थांबायला लागणारं अंतर साधारण चौपट होतं. पाम बीचवर रात्री रस्ता मोकळा दिसतो आणि हात आपोआप पिळला जातो, पण त्याच रस्त्याला सिग्नल आहेत, लोक पळत क्रॉस करतात. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, पण गाडी कलंडलेली असताना तो तुम्हाला वाचवेलच असं नाही, म्हणून वळणाच्या आधी ब्रेक संपवायचा, वळणात शिरल्यावर नाही. अजून एक, हिचे फुटरेस्ट जरा पुढे आणि खाली आहेत, जास्त झुकवली की ते रस्त्याला घासतात. तो आवाज आला की समजायचं वळणाचा स्पीड जास्त होता.

पाय पुढे असल्याचा दुसरा तोटा म्हणजे खड्डा दिसला की सीटवरून उठून उभं राहणं तितकं सोपं नाही. त्यामुळे खड्ड्याचा हादरा सरळ कंबरेत. मागच्या शॉकअपला फार लांब खेळ नाही, स्पीड ब्रेकरवरून जोरात गेलात तर कळतंच. उपाय एकच, खड्ड्याच्या आधी स्पीड कमी करा आणि खड्ड्यात चाक जायच्या क्षणी ब्रेक सोडून द्या. ब्रेक दाबलेला असला की पुढचा शॉकअप आधीच दबलेला असतो, मग त्याच्याकडे दणका घ्यायला काही उरत नाही. घोडबंदर रोडला गायमुखच्या घाटातून जाणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

पावसाळा हा आमच्या भागाचा खरा पेपर. पहिला पाऊस सगळ्यात वाईट कारण रस्त्यावर महिनोनमहिने सांडलेलं ऑइल आणि धूळ वर येते, आणि तुर्भे, एपीएमसी, उरण रोड या पट्ट्यात ट्रक-कंटेनर एवढे की ऑइलची काही कमी नाही. झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे, गटाराची लोखंडी झाकणं, फ्लायओव्हरचे लोखंडी जॉइंट, या तिघांवरून गाडी सरळ ठेवून जायचं, त्यांच्यावर ना ब्रेक ना रेस ना वळण. २७ न्यूटन मीटरचा टॉर्क ४००० आरपीएमलाच मिळतो, म्हणजे ही गाडी खालच्या रेसलाच ओढते, हे कोरड्यात छान वाटतं पण ओल्यात क्लच झटकन सोडला तर मागचं चाक सरकायला तेवढं पुरतं. साचलेल्या पाण्यातून तर जायचंच नाही, दिसत नाही खाली काय आहे ते. आणि कंटेनरच्या बाजूने चालवू नका, एकतर मागे राहा नाहीतर मोकळ्या जागेत पूर्ण पुढे जा, ड्रायव्हरचा चेहरा तुम्हाला त्याच्या आरशात दिसत नसेल तर तुम्ही पण त्याला दिसत नाही.

आई मागे बसते तेव्हा वेगळीच गाडी होते ही. मागच्या शॉकअपला कडकपणाचे सहा टप्पे आहेत, दोघं बसणार असाल तर ते वाढवून घ्या आणि हवा पण मॅन्युअलमध्ये दोघांसाठी दिलीये तेवढी भरा. आईला मी आधीच सांगून ठेवलंय, मी सांगितल्याशिवाय चढायचं नाही, वळणावर माझ्या उलट्या बाजूला कलायचं नाही, आणि गाडी थांबली तरी उतरायची घाई नाही. "अगं मी काय लहान आहे का" असं म्हणते पण ऐकते. साडी असेल तर पदर आणि निऱ्या चाकापासून, चेनपासून लांब, हे तर जीवावरचं आहे, साडी गार्ड काढून टाकू नका फक्त दिसायला छान वाटत नाही म्हणून. हेल्मेट मागच्यालाही कायद्याने सक्तीचं आहे आणि आयएसआय मार्कचंच घ्या, रस्त्याकडेच्या टोप्या नकोत.

आता मेंटेनन्स, आणि इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण गाडी सुरक्षित राहते ती अर्धी इथेच. क्रूझर घेणारे पुष्कळ लोक टाकी आणि क्रोम घासतात, चेनकडे बघतच नाहीत. आमच्याकडे खाडीची हवा, त्यात पावसाचं पाणी, चेनला गंज चढायला आठवडा पुरतो. दर ५०० किमीला, आणि पावसात भिजली की त्याच्या आधीच, चेन साफ करून ऑइल करायची. मीटिअरला डबल स्टँड कंपनीकडूनच येतो, हे मोठं सुख आहे, मागचं चाक उचललेलं राहतं. मी राईडवरून आल्यावर चेन थोडी गरम असतानाच करते. खाली जुना पेपर, टायरच्या बाजूला पुठ्ठा. आधी केरोसीनमध्ये बुडवलेल्या मऊ ब्रशने चारही बाजू, मग कोरड्या कपड्याने पुसायची, कपडा काळा येणं थांबेपर्यंत. पेट्रोल वापरू नका, चेनमध्ये रबराच्या छोट्या रिंगा असतात त्या खराब होतात आणि आतलं ग्रीस निघून गेलं की चेन संपली. मग चेन ल्यूब किंवा ९० नंबरचं गिअर ऑइल, आतल्या बाजूने, चाक हाताने हळूहळू फिरवत, दहा-पंधरा मिनिटं तसंच ठेवायचं आणि जास्तीचं पुसून टाकायचं. नाही पुसलं तर ते उडून टायरवर, डिस्कवर जातं.

चाक हाताने. हे परत लिहिते. इंजिन चालू करून पहिल्या गिअरमध्ये चाक फिरवत कपडा धरणारे लोक मी डोळ्यांनी बघितलेत, गॅरेजमध्ये पण. कपडा चेन आणि स्प्रॉकेटच्या (चेन फिरते त्या दातेरी चक्राच्या) मध्ये गेला की बोट त्याच्या मागे जातं, आणि जातं म्हणजे जातंच. इंजिन बंद, चावी खिशात, मगच चेनला हात.

चेनचा ढिलेपणा मॅन्युअलमध्ये दिलाय त्या मापात पाहिजे. जास्त ढिली तर उडून निघेल, हे सगळ्यांना कळतं, पण जास्त टाईट पण तितकीच वाईट हे कळत नाही. एका ठिकाणी सर्व्हिसला दिली तेव्हा गाडी परत आली ती चेन तारेसारखी ताणलेली, म्हणे आवाज येणार नाही आता. खड्ड्यात मागचा शॉकअप दबला की चेन अजून ताणली जाते, मग लोड येतो गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर. मी आता जिथे देते तो मेकॅनिक चाक फिरवून चेन चार-पाच ठिकाणी बोटाने वर-खाली करून बघतो आणि जिथे सगळ्यात टाईट लागते तिथे माप घेतो. "ताई, चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, टाईट जागा धरूनच सेट करायची," असं त्याने समजावलं, आणि मग दोन्ही बाजूच्या खुणा सारख्या आहेत का तेही दाखवलं, नाहीतर चाक तिरकं बसतं. असा माणूस मिळाला तर सोडू नका.

हवा आठवड्यातून एकदा, टायर गार असताना. ट्यूबलेस टायर आहेत म्हणून खिळा घुसला तरी हवा हळूहळू जाते, त्यामुळे पंक्चर झालंय हे दोन दिवस कळत पण नाही, वळताना गाडी जड लागली की आधी हवाच बघायची. टायरच्या खाचांमध्ये मध्ये मध्ये छोटे उंचवटे असतात, रबर त्यांच्या बरोबरीला झिजलं की टायर बदलायचा, एक पावसाळा काढू म्हणायचं नाही. मागचा टायर मध्यभागी सपाट होतो कारण आपण सरळच जास्त चालवतो, ते पण बघा. जुना स्टॉक मिळतो कधी कधी, टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, घेताना वाचून घ्या.

पहिली सर्व्हिस ५०० किमीला आणि मग दर ५००० ला, ती चुकवू नका. ऑइल १५डब्ल्यू-५० ग्रेडचं, आणि डब्यावर जासो एमए२ (बाईकच्या ऑइलचा दर्जा) लिहिलेलं पाहिजे, कारण बाईकचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडलेला असतो, कारचं ऑइल टाकलं तर क्लच घसरायला लागतो. लेव्हल बघायला उजवीकडे काच आहे, गाडी डबल स्टँडवर, साईड स्टँडवर बघितली तर लेव्हल चुकीचीच दिसणार. ब्रेक ऑइल डॉट ४ ग्रेडचं, ते हवेतलं पाणी शोषतं आणि आपल्याकडची हवा तर पाण्यानेच भरलेली, दोन वर्षांनी बदलाच, हँडलवरच्या डबीत रंग गडद दिसला तर त्याआधी. ब्रेक पॅड आठवड्याला एकदा वाकून बघायला दहा सेकंद लागतात. बॅटरीकडे दुर्लक्ष नको, हिला किक नाहीये, स्टार्टर गेला तर गाडी तिथेच, आणि ही ढकलून चालू करायचा विचार पण करू नका. पंधरा दिवस गावाला जाणार असाल तर येऊन चार्ज करून घ्या किंवा शेजाऱ्याला चावी देऊन फिरवायला सांगा. धुताना प्रेशरचं पाणी चाकाच्या मधल्या भागावर, सायलेन्सरच्या तोंडात आणि स्विचवर मारू देऊ नका.

चालवायला कशी आहे? ७० ते ९० मध्ये गाडी गाते. जुन्या एनफिल्डसारखी थरथर नाही, आरसे स्थिर राहतात, सायन-पनवेल हायवेवर बेलापूरहून पनवेल कधी आलं कळत नाही. १०० च्या वर इंजिनला ओढावं लागतं हे जाणवतं आणि त्या स्पीडला ओव्हरटेक करत बसायची गाडी ही नव्हे. गिअर टाचेने पण बदलता येतो, बूट खराब होत नाही, ऑफिसला जाणाऱ्यांना हे आवडेल. पाचव्या गिअरमध्ये ४० ला रेंगाळू नका, इंजिन ठोके देतं, एक गिअर खाली या. ट्रॅफिकमध्ये उजवी पोटरी गरम होते, एअर-ऑइल कूल्ड आहे, मे महिन्यात ऐरोली नाक्याला मोठ्या सिग्नलला मी बंदच करते. मायलेज, तुमच्या हातावर आहे, पण १५ लिटरची टाकी असल्याने पंपावर सारखं जावं लागत नाही. त्या गोल ट्रिपर नॅव्हिगेशनवर बाण दिसतात, नकाशा नाही, रोजच्या रस्त्याला पुरतं, अनोळखी ठिकाणी आधी एकदा रस्ता बघून निघा, मोबाईल हातात घेऊन नाही.

लांब जाणाऱ्यांसाठी, अटल सेतूवर आणि मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर टू-व्हीलर चालत नाही, बाईक कितीही मोठी असली तरी. पुण्याला जायचं तर पनवेल-खोपोली-खंडाळा हा जुना हायवेच, आणि खरं सांगू तर मीटिअरला तोच जास्त शोभतो. बोरघाट उतरताना न्यूट्रल टाकू नका, तिसरा किंवा दुसरा गिअर ठेवून इंजिनलाच आवरू द्या, सतत ब्रेक दाबून खाली आलात तर डिस्क तापते आणि ब्रेक ढिला लागायला लागतो.

नवीन घेणाऱ्यांना चांगली बातमी म्हणजे २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसी पर्यंतच्या बाईकवर जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, ही ३४९ सीसी म्हणजे बरोबर आत बसते. २०२५ च्या मॉडेलला स्लिप-असिस्ट क्लच पण आलाय, त्याने क्लच हलका होतो, ट्रॅफिकमध्ये डाव्या हाताला मोठा आराम. वाचलेल्या पैशात आधी चांगलं हेल्मेट, घोटा झाकणारे बूट आणि क्रॅश गार्ड घ्या, नंतर सीट कव्हर आणि लाईटबिईट.

शोरूमवाले टेस्ट राईडला सर्व्हिस रोडने सरळ नेऊन सरळ परत आणतात, तेवढ्यावर हो म्हणू नका. त्यांना सांगा मला यू टर्न मारून बघायचाय, दोन्ही बाजूंनी, आणि बंद गाडी एकदा उलटी ढकलून पार्क पण करून बघायचीये.